कंपाउंडरच्या कोटाचं दुसरं बटण

कंपाउंडर मेला की जिवंत आहे, या एका प्रश्नापायी त्या शनिवारी शिवणकारखान्यातलं एकही मशीन वेळेवर सुरू झालं नाही.

हा कंपाउंडर कारखान्यात कुणाच्या नात्यातला नव्हता. संध्याकाळी साडेसातच्या मालिकेतला होता. दवाखान्यात औषधाची बाटली कुणी बदलली, हे त्यानं एकट्यानं पाहिलेलं. तोंड उघडणार तेवढ्यात गडी गायब झाला आणि शुक्रवारच्या भागाच्या शेवटी त्याचा तपकिरी कोट पुलाच्या कठड्यावर घडी घालून ठेवलेला सापडला. खाली नदी दोन्ही काठ भरून वाहतेय, वर कोट, आणि लगेच साबणाची जाहिरात. मालिका लिहिणाऱ्यांना काळीज नावाची वस्तू देताना देव विसरला असावा.

"गेला तो," कटिंगच्या टेबलावरून कात्रीभाऊ म्हणाले. कारखान्यातले ते एकुलते एक पुरुष. कापड कापायचे आणि दुसऱ्याची आशाही. "नदीत ढकलला आणि कोट वर ठेवून दिला. सरळ आहे."

"खुनी माणूस बाह्या आत दुमडून घडी घालतो होय?" इस्त्रीवाल्या आक्का उसळल्या. "माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत हातरुमालाची घडी जमली नाही आणि म्हणे खुन्याला जमली! ती घडी कंपाउंडरनंच घातलीय. जिवंत आहे तो. कुठंतरी लपून बसलाय."

"तुम्ही बोला की मावशी," कुणीतरी म्हणालं.

खिडकीशी बसलेल्या काजमावशींनी मान वर केली नाही. शाळांचे गणवेश आणि दवाखान्यांचे पांढरे कोट यांना काज करायची नि बटणं लावायची, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. त्यामुळे त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीतच राहिलं होतं.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "मी आपली कपडे बघते."

सगळ्या हसल्या. पण मावशी खरं तेच बोलत होत्या.

त्यांची लेक त्या मालिकेच्या कपडेपटात होती. नटनट्यांचे कपडे शिवायचे, उसवले तर टाके घालायचे, असं तिचं काम. कारखान्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. कारखान्याला ठाऊक होतं ते इतकंच, की मावशींची लेक मोठ्या ऑफिसात आहे, पंख्याखाली बसते. ती बसत होतीही. तीन महिने. मग एक दिवस ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, आई, मला कपडे शिवायचेत, मालिकेत काम मिळालंय.

मावशींनी आयुष्यभर दोन बोटांची चाळणी करून घेतली होती ती लेकीच्या बोटांना सुई टोचू नये म्हणून. त्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "सुईच धरायची असेल तर या घरात पाऊल टाकू नकोस," त्या म्हणाल्या. लेक आईवर गेलेली. तिनं खरंच टाकलं नाही. आठ महिने झाले होते. फोन नाही, चिठ्ठी नाही. शुक्रवारी मालिका संपल्यावर नावं भराभर वर सरकायची, तेव्हा मावशी टीव्हीच्या काचेला नाक लावून उभ्या राहायच्या. कपडेपट या शब्दाखाली सगळ्यात बारीक अक्षरांत लेकीचं नाव एक क्षण दिसायचं. तेवढ्यावर पुढचा आठवडा निघायचा.

"अहो, थांबा! सगळ्यांनी इकडे या!" चेकिंगच्या टेबलावरून चष्मेवाली ओरडली. तयार कपड्यांतल्या खोडी काढायचं तिचं काम, आणि ते ती घरी, रस्त्यात, लग्नातही करायची. फोनवर मालिकेच्या चाहत्यांचा मोठा ग्रुप होता, वीस-बावीस हजार माणसांचा. त्यात तिच्या शब्दाला वजन होतं. तिनं कोटाचं चित्र बोटांनी ताणून मोठं केलं. "हे दुसरं बटण बघा. बाकीची बटणं कशी लावलीत? चार भोकं, दोन सरळ रेघा. आणि हे?"

सगळ्या वाकल्या. दुसऱ्या बटणावर दोन रेघा नव्हत्या, फुलीही नव्हती. वरच्या उजव्या भोकातून निघालेले तीन टाके बाकीच्या तीन भोकांत फाकले होते, चिखलात चिमणी पाय उमटवून गेल्यासारखे.

"जुन्या भागात मी नीट पाहिलंय, सगळ्या बटणांना सरळ रेघा होत्या," चष्मेवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "म्हणजे हा कोट कंपाउंडरचा नाहीच! तसाच दुसरा कुणीतरी आणून ठेवलाय. कंपाउंडर जिवंत आहे!"

आक्कांनी टाळी वाजवली. बाकीच्या बायकांनी गलका केला. वीस हजार माणसांनी तो कोट पाहिला होता, पण त्याच्या बटणाचा टाका बघायला बटणं लावणाऱ्या बायकाच लागल्या.

काजमावशींच्या पायाखालची जमीन मात्र सरकली होती. त्या टाक्याला त्यांच्या घरात चिमणीचा पाय म्हणत. त्यांच्या आत्यानं त्यांना शिकवला आणि त्यांनी लेकीला. कारखान्यात तो चालत नसे, वेळ फार जातो म्हणून. मावशींचा पाय वरच्या डाव्या भोकातून निघायचा. लेक डावरी. तिनं आईसमोर बसून आरशात बघितल्यासारखा शिकला, म्हणून तिचा उजव्या भोकातून. असा उलटा चिमणीचा पाय घालणारं माणूस अख्ख्या जगात एकच होतं, आणि त्यानं आठ महिन्यांपूर्वी घर सोडलं होतं.

त्यांनी गळ्याशी हात नेला. अंगातल्या स्वेटरची पाचही बटणं लेकीनं लावलेली होती. पाच उलटे पाय. मावशींनी पदर पुढं ओढून घेतला.

"हा टाका कुठंतरी पाहिलाय मी," आक्का डोळे बारीक करून म्हणाल्या.

"टाके काय, सगळे सारखेच," मावशी म्हणाल्या आणि खाली वाकून न पडलेली सुई शोधू लागल्या.

रविवारी सुट्टी होती, तरी चष्मेवालीनं सुट्टी घेतली नाही. सोमवारपर्यंत त्या बटणानं ग्रुपमध्ये दोन तट पाडले होते. एकजण म्हणे कंपाउंडरला जुळा भाऊ आहे. एकीनं बटणावरचे टाके मोजून त्यातून गाडीचा नंबर काढला होता. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते इतकं शब्दशः कधी कुणी केलं नसेल. आणि काहीजण होते, जे प्रत्येक ठिकाणी असतातच: कसला पुरावा नि कसलं काय, कपडेपटातल्या कुणीतरी माती खाल्लीय, असल्या माणसांना घरी बसवा.

सोमवारी सकाळी चांगली बोचरी थंडी होती, आणि मावशी स्वेटर न घालता कामावर आल्या. दात वाजत होते.

"स्वेटर कुठाय गं?" आक्कांनी विचारलं.

"धुवायला टाकलाय."

"ऐन थंडीत?"

"मळला होता."

आक्कांनी इस्त्री फिरवून गरम झालेला एक कोट आणून मावशींच्या खांद्यावर टाकला. तो गार झाला की दुसरा आणायच्या. दिवसभर असे सातआठ कोट झाले.

मावशींनी आपल्या परीनं आग विझवायचा प्रयत्न केला. "धुताना तुटलं असेल बटण, लावलं असेल कुणीतरी. एवढं काय त्यात?" त्या म्हणाल्या. एरवी मालिकेवर अवाक्षर न बोलणारी बाई बोलली म्हणून सगळ्या वळून बघायला लागल्या.

"मावशी, तुम्हाला कंपाउंडर मेलेलाच हवाय का?" चष्मेवाली दुखावून म्हणाली.

"मावशी माझ्या बाजूच्या," कात्रीभाऊ समाधानानं म्हणाले. त्यांच्या बाजूला आजवर कुणी आलं नव्हतं.

बुधवारी चहाच्या सुट्टीत चष्मेवालीनं फोन वर धरला. मालिकेच्या लोकांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं होतं. ती मोठ्यानं वाचू लागली: "कोटाच्या बटणाबाबत प्रेक्षकांनी दाखवलेली बाब आमच्या लक्षात आली आहे. ही कपडेपटाची चूक आहे. संबंधितांकडे विचारणा करण्यात येत आहे."

आक्कांचा चेहरा पडला. चूक म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे कंपाउंडर गेला. बायका कुणी ओळखीचं वारल्यासारख्या हळहळल्या.

मावशींच्या कानात मात्र 'संबंधितांकडे' हा एकच शब्द घुमत राहिला. संबंधित म्हणजे त्यांची पोर. ती कुणापुढं तरी मान खाली घालून उभी असेल आता. आणि मग, खरं ते सांगायलाच हवं, क्षणभर मावशींना बरं वाटलं. काढून टाकलं तर येईल घरी. आईचं खरं होतं म्हणेल. पुन्हा ऑफिस बघता येईल. पण पुढच्याच क्षणी त्यांना ती येताना दिसली, रिकाम्या हातांनी, उंबऱ्याशी थबकलेली, आणि ते हात बघवेनात. आई असून आपण हे चिंतलं! त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी कप खाली ठेवला. "तो टाका माझ्या मुलीचा आहे," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

"ती ऑफिसात नाही. मी खोटं सांगत होते तुम्हाला. कपडेपटात आहे ती, त्याच मालिकेच्या. मीच घालवलं तिला घरातून. तो चिमणीचा पाय आहे, मीच शिकवलाय. कंपाउंडर मेला का जगला, देव जाणे, पण बटण तिनं लावलंय आणि आता तिची नोकरी जाईल." एवढं बोलून त्या रडू लागल्या. सव्वीस वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं कुणी कुठं बघायचं हेच कुणाला कळेना.

आक्का शेजारी येऊन बसल्या. "मला सोमवारीच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "चार हिवाळे बघतेय तो स्वेटर. गेल्या हिवाळ्यात त्याला नवी बटणं लागली, ती उलटी चिमणी मी तेव्हाच पाहिली होती. तू घातला नाहीस म्हणजे पक्कंच झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलायची वाट बघत होते. अंगात रुतलेली सुई काय, आपण होऊन वर आली तर ठीक, उकरत बसलं की आणखी आत जाते."

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "मावशी, हे मीच पसरवलं हो. मला काय माहीत."

"तुझं काय चुकलं? चूक दिसली, तू दाखवलीस. तुझं कामच ते."

तेव्हा कात्रीभाऊ टेबलावरून उठले. असं ते फक्त वीज गेली की करत. "चूक कशावरून?" ते म्हणाले.

"अहो, त्यांनीच लिहिलंय."

"त्यांना काय कळतंय? मारामारीचा भाग आठवा. डॉक्टरच्या ड्रायव्हरनं कंपाउंडरची गचांडी धरली होती. तेव्हा कोटाचं काय झालं? मी कापडाचा माणूस आहे, मला आवाज आठवतो. टर्रकन."

चष्मेवालीनं तो भाग शोधला. सगळ्या फोनवर तुटून पडल्या. ड्रायव्हरनं कंपाउंडरला ओढलं, कोट ताणला, आणि दुसरं बटण तुटून औषधांच्या कपाटाखाली गडगडत गेलं. स्पष्ट दिसत होतं. नटानं जरा जास्तच जोर लावला असणार.

"म्हणजे बटण तुटलंच होतं," आक्का म्हणाल्या. "मग ते कुणीतरी लावणारच."

"कोण? एकटा माणूस. त्याला सुईत दोरा ओवता येत नसेल," कात्रीभाऊ म्हणाले. "बाईच्या हातचं बटण आहे ते."

चष्मेवाली एकदम ताठ बसली. "सिस्टर!"

दवाखान्यातल्या त्या सिस्टरला सगळा ग्रुप सापीण म्हणायचा. बाटली बदलल्याचा संशय ज्याच्यावर होता त्या डॉक्टरला ती सामील आहे, असा पक्का समज होता. मारामारीनंतर दोन भागांनी ती त्याच कपाटाखाली हात घालून काहीतरी उचलून मुठीत लपवते, असं दाखवलं होतं. सगळ्यांनी मानलं होतं, किल्ली.

"किल्ली नव्हती ती," चष्मेवाली म्हणाली. "बटण होतं. सिस्टरनं त्याचं बटण जपून ठेवलं आणि लावून दिलं. ती त्याच्या बाजूची आहे!"

आक्कांनी डोळ्याला पदर लावला. "आणि आपण त्या बिचारीला सापीण म्हणत होतो."

"लिही," कात्रीभाऊ म्हणाले. "लिही: ज्यानं हे बटण असं लावायचं ठरवलं, त्याला मालिका लिहिणाऱ्यापेक्षा जास्त अक्कल आहे. माणूस मेलाय, हे माझं मत कायम आहे. पण मेलेल्याचंही बटण कुणीतरी प्रेमानं लावलेलं असू शकतं."

त्या दिवशी चहानंतर कारखान्याचं काम अर्धा तास उशिरा सुरू झालं. संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये दुसरं काही उरलं नव्हतं. लोकांनी सिस्टरची माफी मागितली. बटण लावणाऱ्याला घरी बसवा म्हणणाऱ्यांनीच आता कपडेपटाला हात जोडले. मालिकेच्या लोकांनी दोन दिवस मूग गिळले आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं, काही गोष्टींचा उलगडा शेवटच्या भागात होईल. वा रे वा. चोर तो चोर वर शिरजोर. पण मावशींनी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला.

लेकीला फोन मात्र त्यांनी केला नाही. रोज फोन हातात घ्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. काय बोलायचं? पोरीला वाचवलं ते कारखान्यानं. आपण काय केलं, तर आठ महिने तिच्या नावावर पांघरूण घातलं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून आक्कांच्या घरी पाहायचं ठरवलं. मावशी स्वेटर घालून आल्या. कात्रीभाऊंना बायकांच्या घोळक्यात अवघडल्यासारखं होत होतं, म्हणून त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली. साडेसात वाजले आणि आक्कांनी नवऱ्याला खोकायचीसुद्धा बंदी केली.

पोलीस सिस्टरला विचारत होते, हा कोट तुम्ही ओळखता का. सिस्टरनं त्या बटणावर बोट ठेवलं आणि चित्र मागं गेलं. दवाखाना बंद झालेला, टेबलावर एकच दिवा, मांडीवर तपकिरी कोट. मग दिसले फक्त हात. सुई खालून वर आली, वरच्या उजव्या भोकातून, आणि पहिला टाका पडला.

मावशी पुढं सरकल्या. सिस्टरचं काम करणाऱ्या बाईची नखं लांब नि रंगवलेली. ही नखं कापलेली होती. मधल्या बोटाच्या टोकावर सुईपासून जपणारं पितळी अंगुस्तान होतं, एका बाजूनं चेपलेलं. ते मावशींचंच. आठ महिने घरभर शोधून सापडलं नव्हतं. दुसरा टाका. तिसरा. हात घाई करत नव्हते. सुई धरली होती डाव्या हातात.

"अरेच्चा!" दाराशी कात्रीभाऊ ओरडले. "ही बाई सगळ्या गावाला उजव्या हातानं सुया टोचत होती. आता डावरी कधी झाली?"

"चूक!" चष्मेवाली टुणकन उठली. "केवढी मोठी चूक! हे हात सिस्टरचे नाहीतच..." आणि तिला कळलं. तिनं मावशींकडे पाहिलं आणि हातातला फोन पालथा करून ठेवून दिला. चष्मेवालीनं जन्मात पहिल्यांदाच एक चूक पदरात घेतली.

मावशींचे डोळे वाहत होते आणि तोंड हसत होतं. याच बोटांना सुई लागू नये म्हणून त्या भांडल्या होत्या. आता हजारो लोक श्वास रोखून ती बोटं बघत होते. त्यांना आपल्या लेकीचा अभिमान वाटला, इतका, की बसवेना. चित्र बदललं. पूल आला, नदी आली, संगीत चढू लागलं. मावशी उठल्या आणि सगळ्यांचे पाय ओलांडत बाहेरच्या जिन्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"आई," पलीकडून लेक म्हणाली. मग, "दिसलं?"

"दिसलं." मावशींनी कितीतरी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "बटणाखाली दोऱ्याची मान बांधताना तीनच वेढे दिलेस. चार द्यायचे असतात."

"दृश्य छोटं होतं गं. चौथ्याला ते थांबेनात."

"आणि त्या दिवशी? चिमणीचा पाय कशाला घातलास? बाकीच्यांसारखं लावायचं की."

"घाई होती. कोट लगेच हवा होता. हात चालतील तसे चालू दिले, नंतर बघितलं तर तुझाच टाका. खूप ओरडले मला. मग सगळं उलटंच झालं, म्हणाले सिस्टरला शिवता येत नाही, तूच बस. कुणीतरी त्या ग्रुपवर काहीतरी लिहिलं म्हणे."

"माणसं चांगली असतात," मावशी म्हणाल्या.

आतून एकदम मोठा ओरडा झाला. आक्का, चष्मेवाली, कात्रीभाऊ, सगळे एकाच वेळी. आनंदाचा होता की हळहळीचा, ते जिन्यावरून कळत नव्हतं. मावशींनी दुसऱ्या कानात बोट घातलं.

"कंपाउंडरचं काय झालं, ते पाहिलंस ना?" लेकीनं विचारलं.

"उद्या विचारीन कुणाला तरी. तू घरी कधी येतेस?"

लेक हळूच म्हणाली, "येऊ?"

"ये. आणि येताना तुझी सुई घेऊन ये," मावशी म्हणाल्या. "मला हल्ली नेढं दिसत नाही. दोरा ओवून द्यायला कुणी नाही घरात."